खडूच्या खोक्यातल्या गोळ्या

शाळेत खडूंचं कपाट माझ्या ताब्यात होतं. हे काम मला कुणी मानानं दिलेलं नव्हतं. सगळ्यांत नवा शिक्षक म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं होतं. गंजलेलं लोखंडी कपाट, वरच्या कप्प्यात खडू आणि डस्टर, खाली गुंडाळलेले नकाशे आणि लेझमी. किल्ली माझ्या खिशात. कपाटाची किल्ली माझ्याकडे होती म्हणून एका मुलीच्या वडिलांनी मला गाठलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं कारण वेगळं होतं. मी तिचा वर्गशिक्षक होतो आणि गावात माझं कुणीही नात्याचं नव्हतं. माझ्या कानावर घातलेली गोष्ट गावात फुटणार नाही, असा त्यांचा अंदाज होता. तो बरोबर निघाला. मी कुणालाच काही सांगितलं नाही, आणि सगळं वाटोळं झालं ते त्यामुळंच.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. गाव निरवांगीच्या अलीकडचं, कालव्याच्या पाण्यावर उसाला लागलेलं. मुलगी आठवीत होती आणि आत्याच्या घरी राहायची. आत्याच्या घरानं मेंढरं केव्हाच विकली होती. नवरा साखर कारखान्यात कामाला आणि घरचा थोडा ऊस. मुलीच्या वडिलांकडे मात्र अजून वाडा होता, म्हणजे मेंढरांचा कळप. दिवाळी झाली की बायको आणि धाकटी पोरं घेऊन ते घाटाखाली कोकणात उतरायचे, ते पावसाच्या तोंडावर परत यायचे. शाळेसाठी थोरलीला आत्याकडे ठेवलं होतं. आणि आत्यानं तिला ठेवून घेतलं होतं, कारण ती त्या घरची सून होणार हे ती पाळण्यात असल्यापासून धरून चाललेलं होतं. दहावी झाली की आत्याच्या मुलाशी लग्न.

वडील शाळेमागं लिंबाखाली उभे होते. मी खुर्ची मागवली, ते बसले नाहीत.

“गुरुजी, येक काम हाय. न्हाय म्हनू नगा.”

त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकची पुडी काढली. आत बारीक पांढऱ्या गोळ्या होत्या.

“पोरीला आकडी येती. म्हंजी, येत हुती. बारामतीच्या डाक्टरनं ह्या गोळ्या दिल्यापास्नं येक डाव बी न्हाय आली. पर रोज घ्याया लागती.”

“मग आत्याला सांगा की. घरात देतील.”

“तितंच तर घोडं आडतंय.” ते खाली बसले आणि काडीनं माती उकरायला लागले. “बहिनीला कळलं तर ती सून करून घेनार न्हाय. आन् सून न्हाय म्हंजी पोरीला ठिवून कशाला घेतीया ती? मंग शाळा बी गेली. पोरगी आमच्यासंगं मेंढरामागं. तुमी शाळंतच गोळी दिली तर कुनाला काय कळतंय?”

मला त्यात वावगं काही वाटलं नाही. उलट एका मुलीची शाळा माझ्यामुळं वाचणार, याचा थोडा अभिमानच वाटला. पुढच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर बारामतीला डॉक्टरांकडे गेलो. माझी थोरली बहीण बारामतीतच राहायची, त्यामुळं जाणं तसं सोयीचं होतं. डॉक्टर वयस्कर होते आणि हळू बोलायचे.

“एकही दिवस चुकवायची नाही,” ते म्हणाले. “मध्येच बंद केली तर आकडी आधीपेक्षा जोरात येते. गोळीनं झोप येते, म्हणून रात्री देत जा.”

“दुपारी दिली तर?”

“दुपारी का?”

“रात्री घरी सोय नाही.”

त्यांनी वडिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या लक्षात आलं असावं. असे बाप त्यांनी बरेच पाहिले असतील. “चालेल. पण वेळ तीच ठेवा. आणि शाळेत आणखी एका माणसाला याची पूर्ण कल्पना द्या. तुम्ही आजारी पडाल, रजेवर जाल. एकाच माणसावर ठेवू नका हे.”

मी हो म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो.

मधल्या सुट्टीत ती शिक्षकांच्या खोलीच्या दारात यायची. “सर, खडू.” मी तिच्या हातात खडूचं खोकं द्यायचो. त्यात कागदाच्या तुकड्यात एक गोळी असायची. ती पाण्याच्या टाकीवर जाऊन गोळी घ्यायची आणि खोकं वर्गात ठेवायची. शनिवारी सकाळची शाळा, तेव्हा कागदात रविवारचीही गोळी असायची. ती गोठ्यामागं जाऊन घेते, असं तिनंच सांगितलं होतं. लागून सुट्ट्या आल्या तर तेवढ्या गोळ्या. संपत आल्या की मी बारामतीहून आणायचो. आमच्या वर्गात खडू कधी कमी पडत नाहीत याचं मुख्याध्यापकांना कौतुक होतं.

“कुणी काहीही विचारलं तरी सांगायचं नाही,” मी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. “बाई असोत, मुख्याध्यापक असोत.”

“मला कळतंय सर,” ती म्हणाली. “मी का येडी हाय?”

वेडी तर ती मुळीच नव्हती. एकदा मी तिला विचारलं, दहावीनंतर लग्नच व्हायचंय तर एवढा अभ्यास कशासाठी करतेस? तिनं आत्याच्या मुलाचं नाव घेतलं नाही, नुसतं हसून म्हणाली, “ह्ये धावी नापास हायती. मी पास झाले तर घरात माझं चालंल.” त्या वयाच्या मुलीकडून इतका सरळ हिशेब मी त्याआधी ऐकला नव्हता. मला हसू आलं. तिलाही आलं.

दुपारची गोळी तिला भोवायची. मधल्या सुट्टीनंतर गणिताचा तास असे. गणिताचे सर तापट होते. तिची मान खाली गेली की खडू फेकून मारायचे.

“झोपायला येतेस का गं शाळेत?”

“न्हाय सर, डोळं मिटून ऐकती.”

सगळा वर्ग हसला. सरांनी तिला बाकावर उभं केलं. नंतर ते रोजचंच झालं. मी समोरच्या वर्गात शिकवत असायचो आणि खिडकीतून मला ती बाकावर उभी दिसायची, डोळे ताणून उघडे ठेवलेली. गणिताच्या सरांना बाजूला घेऊन मी सांगू शकलो असतो. निदान आजारी आहे एवढं तरी. मी सांगितलं नाही. गुपित राखतोय असं मला वाटायचं. पण गुपित राखण्यात एक सुख असतं, आपणच कुणाचे तरी एकमेव आधार आहोत असं वाटण्याचं. मला ते सोडवत नव्हतं, हे आता कळतं.

असं दीड वर्ष गेलं. ती नववीत आली. त्या सगळ्या काळात तिला एकदाही आकडी आली नाही.

फेब्रुवारी सरत आला होता आणि ऊन तापायला लागलं होतं. नव्या अभ्यासक्रमाचं प्रशिक्षण बारामतीला लागलं आणि मला जाण्याचा आदेश आला. आठवडाभराचं काम. कपाटाची किल्ली मराठीच्या बाईंकडे द्यायची ठरली. बाई माझ्यापेक्षा वयानं बऱ्याच मोठ्या होत्या. मुलींना पाळी आली तर त्यांना घरी पोचवणाऱ्या, कुणाचा डबा नसला तर आपली भाकरी मोडून देणाऱ्या. शाळेत सांगायला त्यांच्याइतकं योग्य माणूस दुसरं नव्हतं. पण बाई गावातच राहायच्या, आत्याकडे त्यांचं हळदीकुंकवाला जाणं-येणं होतं.

“आणखी एक काम आहे,” मी किल्ली देताना म्हणालो. “नववीतल्या त्या मुलीला मधल्या सुट्टीत रोज एक गोळी द्यायची. वरच्या कप्प्यात खोक्यात आहेत.”

“कसली हो?”

“शक्तीची. अशक्त आहे ती. वडिलांनी आणून दिल्यात.”

मी हे लेझमींकडे बघत बोललो, बाईंच्या तोंडाकडे बघून नाही.

“बरं झालं सांगितलंत,” बाई म्हणाल्या. “मला वाटायचंच, पोरगी सारखी पेंगते.”

मुलीला मी सांगितलं, “आठवडाभर बाई गोळी देतील. मी शनिवारी शाळेत असेन.” ती मान हलवून गेली.

प्रशिक्षण शुक्रवारी संपलं. शनिवारी पहाटेची गाडी धरली असती तर प्रार्थनेला पोचलो असतो. पण बहीण म्हणाली, आला आहेस तर राहा की रविवारपर्यंत, मेव्हण्यांनाही सुट्टी आहे. मी राहिलो. शनिवारी सकाळी मी तिच्या ओट्यावर पेपर वाचत बसलो होतो.

सोमवारी शाळेत पाऊल टाकलं तशा बाई समोर आल्या. मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाल्या, “सर, तुमच्या त्या शक्तीच्या गोळ्यांनीच घात केला बघा.”

“काय झालं?”

“अहो, मंगळवारी तिचा घोळणा फुटला. नाकातलं रक्त थांबेना. मी कांदा फोडून हुंगवला, डोक्यावर पाणी थापलं, तेव्हा कुठं थांबलं. मग माझ्या डोक्यात आलं, एवढ्या उन्हात शक्तीच्या गोळ्या म्हणजे काय? अंगात उष्णता किती झाली असेल! त्याच दिवसापासून बंद केल्या मी. पण आधीच्या भिनलेल्या असणार ना. शनिवारी कवायतीला उभी होती, तिथंच पडली. आकडी आली हो पोरीला. उष्णता मेंदूत चढली.”

मी विचारलं, “गोळी बंद केली तेव्हा ती काही म्हणाली का?”

“एकदा आली होती दारात. बाई, गोळी, म्हणाली. मी म्हटलं, आता नको बाळा, बाधेल. गप्प परत गेली. मग नाही विचारलं. गुणाची पोर.”

बाकीचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. शनिवार असल्यामुळं सगळी शाळा मैदानात होती. ती आडवी पडल्यावर कुणी चप्पल नाकाशी धरली, कुणी कांदा आणला. लोखंड हातात दिलं की आकडी सुटते असं कुणीतरी ओरडलं, तेव्हा बाईंनी आपल्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून तिच्या मुठीत दाबून धरला. त्या जुडग्यात खडूच्या कपाटाची किल्ली होती. आकडी सुटायला फार वेळ लागला. तोवर कुंपणापाशी गाव जमलं होतं, आणि आत्याला बोलवायला कुणाला जावं लागलं नाही.

बाईंनी मला किल्ली परत दिली. मी कपाट उघडलं. खोक्यात गोळ्या तशाच होत्या.

“ती गोळी खरंच शक्तीची होती ना हो?” बाईंनी मागून विचारलं. त्यांच्या आवाजात भीती होती.

“हो, शक्तीचीच,” मी म्हणालो.

बाईंना अपराधी वाटू नये म्हणून मी खोटं बोललो, असं मला त्या क्षणी खरोखर वाटलं होतं.

शाळा सुटल्यावर आत्याच्या घरी गेलो. आत्या ओसरीवर धान्य पाखडत होती. तिचा मुलगा अंगणात सायकल उलटी करून पंक्चर काढत बसला होता. मुलगी दिसेना.

“या गुरुजी, बसा. च्या ठिवते.”

“मुलगी कुठं आहे?”

“काल घालवली. मालक घिऊन गेलं, तिच्या आय-बापाच्या वाड्यावर. घाटाखाली.” आत्यानं सूप खाली आपटलं. “सख्ख्या भावानं केसानं गळा कापला बघा माजा. आकडीवाली पोर माज्या पदरात बांधाया निघाला हुता. आन् मी तिला लेकीवानी संबाळली.”

“आये, येकदाच तर पडली,” मुलगा सायकलवरची नजर न काढता म्हणाला. “उनाचं हुतंय आसं कवा कवा. बाई बी तेच म्हनत हुत्या.”

“तू गप ऱ्हा! येक तर धावीत गचकलास, आता फिटवाली करतूस व्हय?”

“मी कुठं काय म्हनलं? नुसतं सांगतुय.”

“सांगू नगंस. चाक नीट कर.” मग ती माझ्याकडे वळली. “तुमी तर तिचं गुरुजी. रोज डोळ्याम्होरं हुती तुमच्या. तुमाला ठावं हुतं का वो?”

मुलानंही हात थांबवून माझ्याकडे पाहिलं. त्याच्या मनात ती होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी एवढंच सांगायचं होतं, की होय, मला माहीत होतं. दीड वर्षात तिला एकदाही आकडी आली नाही. रोज गोळी घेतली तर ती तुमच्या-माझ्यासारखी राहते. या वेळी गोळी चुकली ती शाळेच्या चुकीनं, माझ्या चुकीनं. आत्यानं ऐकलं असतं की नाही, मला माहीत नाही. कदाचित मलाही सुपानं हाणलं असतं. पण तो मुलगा ऐकत होता.

“नाही,” मी म्हणालो. “मला काही कल्पना नव्हती.”

“मंग तुमालाबी फशिवलं म्हना की,” आत्या म्हणाली, आणि तिच्या आवाजात माझ्याबद्दल माया आली. तिनं चहा आणला. मी तो प्यालो. मुलगा पुन्हा चाक फिरवायला लागला.

बाहेर पडताना शर्टाच्या खिशात गोळ्यांची पुडी होती. मुलीला त्या द्याव्यात म्हणून मी घेऊन निघालो होतो. घाटाखाली वाडा नेमका कुठं बसलाय हे आत्याला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. पण विचारलं असतं तर तिनंही विचारलं असतं, कशाला पायजे? मी पुडी परत आणून खोक्यात ठेवली.

जूनमध्ये शाळा उघडली. कळप वर आल्याचं ऐकलं. ती आली नाही. हजेरीतलं तिचं नाव काही दिवस मी उच्चारत राहिलो, मग सोडून दिलं. आत्याच्या मुलाचं पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं, लासुर्ण्याकडची मुलगी. मला आमंत्रण होतं. मी जेवून आलो.

बाईंनी आपला अनुभव सगळ्यांना सांगितला. पालकसभेत, हळदीकुंकवाला, नव्या शिक्षकांना. शाळेत कुणाच्याही गोळ्या-औषधं घेऊ नका, द्यायची तर घरी द्या, बालंट येतं. सरकारी दवाखान्यातून मुलींसाठी रक्तवाढीच्या गोळ्या आल्या, तेव्हा त्या उष्णता वाढते असं सांगून परत पाठवल्या गेल्या. दम्याच्या एका मुलाला औषध घ्यायला दुपारी घरी जावं लागायचं, मग तो दुपारनंतर शाळेत येईनासा झाला. मी सभेत बसलेला असायचो. सगळे माझ्याकडे बघून मान डोलवायचे, कारण त्यांच्या दृष्टीनं अनुभव माझाही होता.

वडील मला भेटले ते त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, भिगवणला. मी पुण्याहून येत होतो आणि गाडी बदलायची होती. मासळी तळणाऱ्या टपऱ्यांच्या पलीकडं एक टेम्पो उभा होता, त्यात मेंढरं भरली होती. टेम्पोपाशी ते. त्यांनीच मला ओळखलं.

“गुरुजी! च्या घेऊ, या.”

आम्ही बाकड्यावर बसलो. मी विचारलं, “मुलगी कशी आहे?”

“हाय.” त्यांनी बशीत चहा ओतला. “चुलीफुडं बसली हुती, तवाच आकडी आली. हात भाजला उजवा. बोटं चिकाटली दोन. आता तिला इस्तवाजवळ बसू देत न्हाय, पान्यावर बी धाडत न्हाय. बसून असती.”

“आणि गोळी?”

“गोळी सोडली की तवाच.”

“का? डॉक्टरांनी सांगितलं होतं, एकही दिवस…”

“आता लपवायचं काय ऱ्हायलंय, गुरुजी?” ते समजुतीच्या सुरात म्हणाले, जणू मीच नीट विचार केला नव्हता. “समद्या मुलकाला ठावं झालं.”

“अहो, लपवण्यासाठी नव्हती ती. आकडी येऊ नये म्हणून होती.”

“व्हय, पर तुमी बी लपवूनच देत हुता की. खडूच्या खोक्यात.”

त्यात टोमणा नव्हता. जसं झालं होतं तसं त्यांनी सांगितलं. मी बराच वेळ बोललो. पुन्हा गोळ्या सुरू करा, अजून उशीर झालेला नाही, बारामतीला मी स्वतः येतो, डॉक्टरांना भेटू. ते सगळ्याला “बरं, बगू” म्हणत राहिले. शिक्षकाला तोंडावर नाही म्हणायचं नसतं म्हणून माणसं जसं म्हणतात, तसं. मला कधी यायचं ते त्यांनी विचारलं नाही, आणि वाडा कुठं आहे ते मीही विचारलं नाही.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. ते उठले, चहाचे पैसे त्यांनीच दिले.

“तुमी लई केलं आमच्यासाठी,” ते म्हणाले. “पोरगी आजून काडती तुमची आठवन. म्हनती, बाईंनी गोळी दिली न्हाय तर मी का भ्याले न्हाय? तर सर शनवारी येनार हुतं.”

मी बहुतेक हात जोडले. टेम्पो इंदापूरच्या दिशेनं गेला. माझी गाडी आली, आणि त्याच रस्त्यानं मी शाळेत परत गेलो.